पारडी बदलून बघणारा माणूस

खेळात हरल्यावर बिभीषणदादा समोरच्याचा मोबाइल मागायचे. त्यात राग नसे. आपला मोबाइल त्याच्या हातात द्यायचे, त्याचा आपण घ्यायचे आणि म्हणायचे, "आता तू माझी टीम खेळ, मी तुझी खेळतो. बघू, तू जिंकलास का तुझी जनावरं जिंकली." जिंकल्यावरही त्यांचं हेच चालायचं. समोरचा वैतागून म्हणायचा, "दादा, जिंकला ना तुम्ही? मग झालं की." त्यावर ते मान हलवायचे. "झालं कसं? अजून पारडी कुठं बदलली?"

ही सवय त्यांना वडिलांकडून आली होती. त्यांचे वडील, आण्णा, कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी. आडतीवर आलेलं धान्य मोजून द्यायचं हे त्यांचं काम. दादांच्या लहानपणी तिथं लोखंडी दांडीचा, दोन पारड्यांचा तराजू होता. एखाद्या शेतकऱ्यानं काट्यावर शंका घेतली की आण्णा वाद घालत नसत. या पारड्यातलं धान्य त्या पारड्यात टाकत आणि त्यातली वजनं ह्यात. दांडी सरळ राहिली तर काटा खरा, कलली तर खोटा. दादा हे अभिमानानं सांगायचे. "आमच्या आण्णांनी आयुष्यात कुणाला 'माझ्यावर भरवसा ठेवा' म्हणलं न्हाय. पारडी बदलून दाखवली."

बिभीषणदादा अजून आहेत, कळंबमध्येच आहेत. तरी त्यांच्याविषयी लिहायला बसलं की माझी क्रियापदं आपोआप भूतकाळात जातात.

मी अकरावीसाठी खेड्यातून कळंबला आलो तेव्हा मला गावात कुणी ओळखत नव्हतं. रविवारी मोंढा बंद असायचा. एका आडतीच्या ओट्यावर पाच-सहा जण माना खाली घालून मोबाइलवर बसलेले दिसले. मी मागं उभा राहून बघत होतो. त्यातल्या सगळ्यात मोठ्यानं, डोक्याचे केस पुढून विरळ होत चाललेल्या माणसानं, मान वर न करता विचारलं, "नुसतं बघायलास का खेळायलास?" मी म्हणालो, येत नाही. "मग तर बसच. येणारे लई झाले इथं. ऐकणारा एक पाहिजे." ते बिभीषणदादा.

खेळ राक्षसांच्या झुंजीचा होता. शेकडो राक्षसांतून आपण सहा निवडायचे. मैदानात एका वेळी दोन उतरतात, ते दोन्ही पडले की हार. प्रत्येक चालीला दोन्ही खेळाडू आपापल्या राक्षसांना हुकूम देतात, आणि जो राक्षस चपळ त्याचा वार आधी पडतो. मूळ नावं परदेशी होती, त्यांना आमची जीभ वळत नसे. आम्ही सरसकट 'जनावरं' म्हणायचो आणि दिसतील तशी नावं ठेवलेली होती: रेडा, घुबड, साळिंदर, गोगलगाय.

हा खेळ आमच्यापर्यंत या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये असा आला होता. इरफानच्या चुलतभावानं तो हैदराबादहून आणला, त्याच्याकडून इरफाननं घेतला आणि इरफानकडून ओट्यावरच्या सगळ्यांनी. नेट लागत नसे. एकानं हॉटस्पॉट चालू करायचा, शेजारच्यानं जोडून घ्यायचा. कधीमधी पडद्यावर सूचना यायची की खेळाची नवी आवृत्ती आली आहे, उतरवून घ्या. आमच्या मोबाइलमध्ये तेवढी जागा नसायची. शिवाय नव्यात दोन-चार नवे राक्षस आणि रंगरंगोटी यापलीकडं काही असेल असं आमच्यातल्या कुणाला वाटलं नाही. सूचना आली की बोटानं बाजूला सारायची. वर्षानुवर्षं आम्ही सगळ्यांनी ती तशीच सारली.

मी आलो त्या वर्षी रेड्यानं उच्छाद मांडला होता. रेडा चपळही होता आणि त्याचा वारही जबर. तुमचं जनावर हलायच्या आत तो त्याला आडवं करायचा. ज्याच्याकडं रेडा तो जिंकणार, एवढाच खेळ उरला होता. इरफानचं बसस्टँडसमोर मोबाइलच्या कव्हरांचं छोटं दुकान होतं आणि तो बोलायला कुणाला हार जात नसे. एका रविवारी त्यानं मोबाइल ओट्यावर आपटायचा तेवढा बाकी ठेवला.

"ये खेळ है का जुलूम है? दादा, रेड्याला बंदी घाला. आपल्या ओट्यावर रेडा न्हाय म्हणजे न्हाय. हात वर करा रे सगळे."

सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. दादांचा हात मांडीवरच होता.

"हारल्यावर कायदा मागायचा न्हाय, इरफान."

"मी जिंकलो तरी मागतोय! माझ्याकडंच रेडा हाय की. मजाच गेली, दादा. काटा बिघडला खेळाचा."

"काटा बिघडला का आपलं डोकं, ते आधी बघू. तोड असतीच. आपल्याला घावली न्हाय म्हणून ती नाहीच, असं कसं? ज्यानं खेळ बनवला तो येडा आसंल का? मला पुढच्या रविवारपर्यंत वेळ द्या. न्हाय निघाली तर बंदीला पहिला हात माझा."

तो आठवडा दादा कुणाला दिसले नाहीत. पुढच्या रविवारी ते आले आणि इरफानसमोर बसले. त्यांनी मैदानात काढलं घुबड आणि साळिंदर. इरफान हसायला लागला. घुबड वार करत नाही, नुसतं एक मंत्र टाकतं. त्या मंत्रानं पाच चालींपुरता मैदानाचा क्रम उलटा होतो: जो सगळ्यात मंद, त्याचा वार आधी. वारच न करणाऱ्या जनावराचा उपयोग काय, म्हणून ते कुणी घेत नसे. दादांच्या साळिंदरानं रेड्याचा वार स्वतःवर घेतला आणि घुबडानं क्रम उलटा केला. दुसऱ्या चालीला साळिंदराला मागं बोलावून दादांनी गोगलगाय उतरवली. तिसऱ्या चालीच्या शेवटी गोगलगाय शंखातून बाहेर आली. शंखात असेपर्यंत ती टणक असते, पण तिचा वार दुबळा. बाहेर आली की वार जबर, पण अंग उघडं आणि मऊ. चौथ्या चालीला सगळ्यात मंद म्हणून तिचा वार सगळ्यात आधी पडला आणि रेडा कोसळला. पाचव्या चालीला इरफानचं दुसरं जनावर गेलं आणि झुंज संपली.

इरफाननं मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पडदा बघितला. मग म्हणाला, "गोगलगायीनं रेडा मारला? आमच्या शेजारच्या रानातलं सगळं सोयाबीन खाऊन गेली ही अवलाद, तरी कुणाला वाटलं न्हाय ही रेडा मारंल."

"जिंकलो असं म्हणू नको अजून. आण तुझा मोबाइल."

पारडी बदलली. आता रेडा दादांकडं आणि गोगलगाय इरफानकडं. दादा हरले. हरल्यावर त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो मी नंतर कुणाच्याही तोंडावर बघितला नाही. "आता खरं! माझी हुशारी न्हाय, टीमच बरोबर हाय. कुणीबी खेळलं तरी जिंकती."

पुढं ओट्यावर नवीन कुणी आला की दादा त्याला पहिला धडा द्यायचे. "जनावरं निवडू नको, कामं निवड. मार खाणारं एक पाहिजे, वाट करून देणारं एक पाहिजे, वाट बघणारं एक पाहिजे. सगळेच मारायला निघाले तर मार खायचा कुणी?" आमचं ओट्यावरचं अर्धं बोलणं या वादांचंच असायचं. साळिंदर जास्त ताकदवान झालं का, विषवाल्या इंगळीला घुबडासोबत घेणं रास्त का, हरतोय ते टीममुळं का घाईमुळं. दादा कुणाचंही बोलणं मध्ये तोडत नसत. पूर्ण ऐकून घेत आणि मग "न्हाय, असं न्हाय" म्हणून सुरुवात करत. "हौ, तुझं बरोबर" असं त्यांनी मला कधी म्हटल्याचं आठवत नाही. इरफान चिडवायचा, "दादाला रस्त्यात रामराम घातला तरी म्हणतील, न्हाय, असं न्हाय."

या माणसाचं शिक्षण डी.एड.चं होतं. बारावीला चांगले गुण होते, पण त्या वेळी आमच्या भागात हुशार मुलानं डी.एड. करायचं आणि गुरुजी व्हायचं ही सरळ वाट होती. ते पास होऊन बाहेर पडले आणि भरती थांबली. मग भरतीसाठी आणखी एक परीक्षा आली. ती त्यांनी दिली, पास झाले. मग त्याच्यावर दुसरी आली. तीही दिली. मधल्या काळात एका विनाअनुदानित शाळेत पगाराच्या आशेवर शिकवलं. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा ते शिकवण्या घेत होते आणि वयाची अट जवळ येत चालली होती. ओट्यावर हा विषय निघाला की म्हणायचे, "तोड असतीच. मलाच अजून घावली न्हाय."

माझ्यावर त्यांचे उपकार आहेत. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी गणितात नापास झालो आणि गाठोडं बांधून गावी निघालो. आमच्या घरात कॉलेज बघितलेला मी पहिलाच, त्यामुळं नापास झालेल्यानं पुढं काय करायचं असतं हे सांगायला घरात कुणी नव्हतं. दादा बसस्टँडवर आले. माझ्या हातातलं गाठोडं घेऊन बाकड्यावर ठेवलं आणि शेजारी बसले.

"पेपर आण."

"काय बघणार दादा त्यात? माझं डोकंच न्हाय गणिताचं."

"न्हाय, असं न्हाय. डोकं हाय का न्हाय ते नंतर. आधी कुठं मार खाल्लास ते बघू."

बस आली आणि गेली. गाठोड्यातून काढलेला प्रश्नांचा पेपर दादांनी, कुठलं गणित कधी सोडवलं ते विचारत, एखादी हरलेली झुंज तपासावी तसा तपासला. मी अवघड गणितं आधी घेत होतो आणि येणाऱ्या गणितांना वेळच उरत नव्हता. "रेडे सगळे पुढं काढलेस, बाला. मागं कोण हाय तुझ्या?" त्या दिवसापासून परीक्षेपर्यंत ते मला रोज शिकवत होते. मी पास झालो, पुढं पदवी मिळाली. आज लातूरला एका खासगी कंपनीत हिशेबाच्या टेबलावर बसतो. आईनं पदवीचा फोटो देवघराशेजारी लावला आहे. फोटोत मी एकटाच आहे, हे बघताना अजून चुकल्यासारखं वाटतं.

पुण्याची बातमी इरफाननं आणली. आम्ही खेळायचो त्याच खेळाची मोठी स्पर्धा होती आणि एक कंपनी स्वतःचा संघ उभा करणार होती. खेळणारे तर हवेच होते, शिवाय संघाची आखणी करणारा माणूसही त्या स्पर्धेतूनच निवडायचा होता. वयाची अट नव्हती. हे शेवटचं वाक्य इरफाननं दोनदा वाचून दाखवलं. दादांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

त्याच सुमारास आण्णांचे गुडघे गेले होते. आडतीच्या मालकानं त्यांना सांगितलं होतं की तुमच्या जागी पोराला बसवा, न्हायतर मी दुसरा बघतो. आण्णांनी दादांना माझ्यादेखत सांगितलं, "ह्या बारीला जा पुण्याला. झालं तर म्या एका शब्दानं आडवणार न्हाय. न्हाय झालं तर काट्यावर बस. आता म्या लई दिवस उभा ऱ्हात न्हाय."

"बसतो, आण्णा." दादा एवढंच म्हणाले. त्यांना काट्यावर बसण्याची लाज नव्हती. पण सगळ्या वाटा बंद झाल्यावरची ती जागा आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

आम्ही तिघं गेलो. एका मोठ्या इमारतीतला गार हॉल, समोर भिंतीएवढा पडदा. आयोजकांनी सगळ्यांना एकसारखे मोबाइल दिले होते. त्यात सगळे राक्षस होते, आपण आपले सहा निवडायचे. हरला तो बाहेर. दादांनी सकाळी इस्त्री केलेला शर्ट घातला होता आणि त्यांच्याभोवती सगळी कॉलेजची पोरं होती. समोर आलेल्या मुलाच्या टीममध्ये रेडा होता. इरफाननं माझा दंड दाबला. "बाला, गेलं हे बेणं. याला गोगलगाय ठाऊकच नसंल."

पहिली चाल. साळिंदरानं मार घेतला, घुबडानं क्रम उलटा केला. दुसरी चाल. गोगलगाय मैदानात. तिसरी चाल. गोगलगाय शंखातून बाहेर आली. भिंतीएवढ्या पडद्यावर तिचं मऊ, ओलं अंग आम्ही पहिल्यांदाच एवढं मोठं बघत होतो. आणि पडद्याच्या कडेला घुबडाच्या मंत्राचं निळं चिन्ह होतं, ते विझलं.

रेड्यानं चौथ्या चालीला तिला एका वारात संपवलं. पुढची झुंज बघण्यासारखी राहिलीच नाही.

दादांनी हात वर केला. आयोजकांतली एक मुलगी जवळ आली. दादा शांतपणे, वर्गात बोलावं तसं म्हणाले, "मॅडम, या मोबाइलमध्ये काहीतरी बिघाड आहे. घुबडाचा मंत्र पाच चाली टिकतो."

"काका, तीन चाली," ती म्हणाली. तिच्या आवाजात टिंगल नव्हती. "पूर्वी पाच होत्या. फार ताकदवान होतं म्हणून कमी केल्या. दोन-तीन वर्षं झाली असतील त्याला. रेड्याचा वेगही कमी केलाय, आता कुणी त्याला फार घाबरत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "हे काका कुठल्या जमान्यातले?" आणि हसू उठलं.

म्हणजे जगभरातल्या लोकांनी रेड्याविषयी तीच तक्रार केली होती जी इरफाननं ओट्यावर केली. बनवणाऱ्यांनी ती ऐकली होती. काटा केव्हाच दुरुस्त झाला होता. आम्ही तेवढे मोंढ्याच्या ओट्यावर बसून, जगात इतर कुणीच खेळत नसलेल्या खेळाची तोड काढत होतो.

दादा उठले नाहीत. सवयीनं त्यांनी हातातला मोबाइल समोरच्या मुलाकडं धरला. "आता तू माझी टीम खेळ. मी तुझी खेळतो. बघू…"

मुलगा गोंधळला. "काका, असं नसतं इथं. माझी पुढची मॅच आहे." त्यानं अदबीनं मान लववली आणि गेला. दादांचा हात थोडा वेळ तसाच पुढं राहिला. मग आयोजकांच्या मुलीनं तो मोबाइल हळूच काढून घेतला, कारण तो त्यांचा होता.

परतीच्या एस.टी.त इरफान बोलत होता. नवे मोबाइल घेऊ, नवा खेळ उतरवू, तीन चालींत बसंल अशी टीम करू, पुढच्या वर्षी परत येऊ. दादा खिडकीबाहेर बघत होते. संध्याकाळी बार्शी मागं पडल्यावर मी म्हणालो, "दादा, तोड असतीच. तुम्हीच म्हणता ना?"

"तोड काढायला खेळ एका जागी थांबायला पाहिजे, बाला." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "मी हरलो की मला वाटायचं, माझं कुठंतरी चुकलं. चूक घावली की बरं वाटायचं. डी.एड.ला बी तसंच वाटलं, त्या परीक्षांना बी. कुठं चुकलं ते शोधत ऱ्हायलो. आज बघ, माझं काय चुकलं? एक चाल तरी चुकीची टाकली का मी?"

इरफाननं हातातला मोबाइल खिशात घातला.

"चुकलं आसतं तर बरं झालं आसतं," दादा म्हणाले.

येरमाळ्याला गाडी थांबली. इरफाननं खाली उतरून तिघांसाठी चहा आणला. दादांनी कप हातात घेतला आणि कळंब येईपर्यंत तो तसाच हातात होता. घरी आण्णा दारात बसले होते. "जेवलास का?" म्हणाले, आणि मग, "सकाळी आडतीवर जाताना हाक मारतो."

त्यानंतर ओट्यावरचं बसणं मोडलं. इरफाननं नवा मोबाइल घेतला आणि नवा खेळ शिकला. नवनव्या टीम बनवून तो दादांना पाठवायचा, मुद्दाम चुकीच्या, वाद व्हावा म्हणून. दादा त्याला अंगठ्याचं चित्र पाठवायचे. इरफाननं मला फोन करून सांगितलं, "बाला, मी सहाच्या सहा मारकुटी जनावरं घालून पाठवली. तरी अंगठा! दादाला काहीतरी झालंय रे."

गेल्या दिवाळीआधी मी मुद्दाम मोंढ्याच्या दिवशी कळंबला गेलो. सोयाबीनची आवक सुरू होती. दादा आडतीवर खुर्चीत बसले होते. आता तिथं इलेक्ट्रॉनिक काटा आहे. हमाल पोतं आणून टाकतो, लाल आकडे उमटतात, दादा ते वाचतात. मी गेलो तेव्हा एक म्हातारे शेतकरी काट्याशी वाकून उभे होते.

"आवं बघा की परत. घरी ह्याच्यापक्षी जास्त भरलं हुतं."

"काटा सांगतोय ते बरोबर हाय, मामा," दादा म्हणाले. म्हातारे आपल्या पोत्यावरची धूळ झटकून गेले.

मी माझा जुना मोबाइल जपून ठेवला होता, त्यात तो जुना खेळ तसाच होता. दादांच्या मोबाइलमध्येही होता. माल येण्यात जरा खंड पडल्यावर मी म्हणालो, "दादा, एक झुंज होऊन जाऊ द्या. आपल्या जुन्या खेळात. इथं घुबड अजून पाच चाली टिकतं." मला वाटलं, या एका जागी तरी त्यांचा काटा शाबूत आहे, तो त्यांना दिसेल.

ते नाही म्हणाले नाहीत. मोबाइल काढला, हॉटस्पॉट जोडला. त्यांनी सहा जनावरं निवडली, आणि मी बघत राहिलो. रेडा होता. त्याच्यासोबत बाकीची पाचही तसलीच, कुणीही नवखा घेईल तशी. मार खाणारं एक नव्हतं, वाट करून देणारं एक नव्हतं. मी घुबड काढलं, साळिंदर काढलं, त्यांनीच शिकवलेल्या क्रमानं गोगलगाय उतरवली. पाचव्या चालीला त्यांचं मैदान रिकामं होतं. त्यांनी ते बघितलं आणि चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

मी माझा मोबाइल त्यांच्यापुढं धरला. "दादा, पारडी बदला."

मी मनात म्हणत होतो, आता म्हणतील, न्हाय, असं न्हाय.

"कशाला?" दादा म्हणाले. "तुझं बरोबर हाय."

हमालानं पुढचं पोतं काट्यावर टाकलं. दादांनी मान तिकडं वळवून आकडा वाचला.